पुरात भिजलेली ट्रंक आणि घरची वही

आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी एक ट्रंक असते. पलंगाखाली सरकवलेली, वर जुनी चादर टाकलेली. तिच्यात लग्नाचा आल्बम असतो, सासऱ्यांच्या नोकरीचे कागद असतात, मुलांची प्रगतिपुस्तके, कुणाकुणाची पत्रे, बारशाच्या यादीचा चिटोरा, असे काय काय असते. दर दिवाळीला आपण ठरवतो, यंदा ही ट्रंक लावायचीच! आणि दर दिवाळीला फराळाच्या गडबडीत ते राहून जाते.

आमची ट्रंक लावायची वेळ पुराने आणली.

आम्ही महाडचे. सावित्री आणि गांधारी या दोन नद्यांच्या कुशीतले गाव, तेव्हा पावसाळ्यात बाजारात पाणी येणे आम्हांला नवे नाही. धान्याचे डबे माळ्यावर, गादी टेबलावर, एवढे केले की झाले, असाच आमचा हिशेब. २२ जुलै २०२१ च्या पुराने तो हिशेब पुसून टाकला. आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे रात्र काढली. पाणी ओसरल्यावर खाली आलो तर घरात घोटाभर चिखल, आणि चिखलात ती ट्रंक.

त्याच दिवशी आमच्याच तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली होती. अशा वेळी फोटोंसाठी कोण रडणार? सासूबाई रडल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “आधी चूल बघ, मग ट्रंक.” मी तसेच केले. ट्रंक उघडली चौथ्या दिवशी.

तिथेच माझे चुकले, आणि पुढे आणखी चुकले. ऊन दिसले तसे मी सगळे फोटो गच्चीवर पापडासारखे वाळत घातले. काही गुंडाळी होऊन कडक झाले, काही एकमेकांना चिकटले ते चिकटलेच. सासूबाईंच्या धाकट्या भावाचा एकच फोटो होता, काचेच्या चौकटीतला. तो काचेला चिकटला होता. मी घाईने कोपरा धरून ओढला. कागद हातात आला आणि चेहरा काचेवर राहिला!

सासूबाई दोन दिवस माझ्याशी मोजकेच बोलल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी भांडी घासता घासता म्हणाल्या, “चेहरा गेला तो गेला. त्याचं बोलणं तर माझ्यापाशी आहे ना? ते लिहून घेतेस का?”

लेकीची अर्धी कोरी वही समोर होती. मी लिहायला बसले. ही आमच्या घरच्या वहीची सुरुवात.

ओले फोटो : माझ्यासारखे करू नका

माझ्या हातून झाले ते तुमच्या हातून होऊ नये, म्हणून आधी हे सांगते. फोटो किंवा कागद भिजले तर पहिले दोन दिवस महत्त्वाचे. त्यानंतर बुरशी धरू लागते. भिजलेला आल्बम तसाच वाळू देऊ नका, वाळताना फोटो एकमेकांना घट्ट चिकटतात. ओले आहेत तोवरच हलक्या हाताने सुटे करा. चिखल असेल तर परातीत स्वच्छ थंड पाणी घेऊन त्यात एकेक फोटो हळूच हलवा. चित्राच्या बाजूला बोट किंवा फडके लावू नका, ओला थर लगेच निघतो. मग धुतलेल्या जुन्या चादरीवर, चित्र वर करून, सावलीत आणि वाऱ्यावर वाळवा. उन्हात नाही. खाली वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. काचेसकट सपाट ठेवा आणि काचेवरूनच त्याचा फोटो काढून घ्या. एवढे सगळे दोन दिवसांत होणार नसेल तर ओले फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. मटाराच्या शेजारी फोटो, हसू येईल खरे, पण गोठल्यावर बुरशी थांबते आणि तुम्हांला सवड मिळते.

टाकाऊतून टिकाऊ वही

हल्ली शहरांतून अशा वह्यांचे तयार, रंगीबेरंगी सामान मिळते. आपल्याला त्याची गरज नाही. मुलांच्या चित्रकलेच्या वहीतले उरलेले कागद, लग्नपत्रिकांची जाड पाने, पुस्तकांना घालून उरलेला खाकी कागद, जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू, एवढ्यात वही होते. सगळी पाने एका मापाची नसली तरी बिघडत नाही, उलट तीच तिची गंमत.

पाचपाच कागद मधोमध दुमडून त्यांचे जुडगे करा. दुमडीवर दाभणाने तीन भोके पाडा आणि जाड दोऱ्याने शिवा, गाठ आतल्या बाजूला. अशी चारपाच जुडगी झाली की पाठीला जुन्या लुगड्याचे किंवा साडीचे काठ लावून एकत्र जोडा. आमच्या वहीच्या पाठीला सासूबाईंच्या विरलेल्या इरकलीचे काठ आहेत. एक युक्ती लक्षात ठेवा : दर दोन पानांनंतर एक पान बोटभर रुंदीची पट्टी ठेवून कापून टाका. फोटो आणि कागद चिकटवल्यावर वही फुगते, ती या पट्ट्यांमुळे नीट मिटते.

चिकटवायला घरची खळ उत्तम. दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात गुठळी न होता कालवा, मंद आचेवर ढवळत शिजवा, पारदर्शक झाली की उतरवा. लागेल तेवढीच करा, ती दोन दिवसांत आंबते. बायंडर लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, मुलाबाळांच्या घरात नको. पारदर्शक चिकटपट्टी मात्र अगदी टाळा. काही वर्षांत ती पिवळी पडते, निघून येते आणि आपला डाग मागे ठेवते.

फोटोला खळसुद्धा लावू नका. कागदाचे चार छोटे त्रिकोणी खिसे करून पानावर चिकटवा आणि त्यांत फोटोचे कोपरे खोचा. हवा तेव्हा काढता येतो. फोटोमागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो.

वर्तमानपत्राचे कात्रण पिवळे पडून चुरते, कारण तो कागद लाकडाच्या कच्च्या लगद्याचा असतो. त्याची झेरॉक्स लावा. एसटीचे पूर्वीचे, वाहकाने टिकटिक करून भोक पाडलेले तिकीट अजून टिकून आहे, पण यंत्रातून निघणारे आजचे तिकीट वर्षा-दोन वर्षांत कोरे होते, त्याचीही झेरॉक्सच. आणि जन्मदाखला, जातीचा दाखला, जमिनीचे कागद यांची मूळ प्रत वहीत कधीही चिकटवू नका. ते वेगळे, घरात सर्वांत उंच जागी. त्यांना प्लॅस्टिकचे गरम आवरणही घालू नका, एकदा घातले की परत काढता येत नाही.

पाहिलेले आणि ऐकलेले

सामान झाले. आता खरे कठीण काम, ते म्हणजे काय लिहायचे!

आमच्या घरची सर्वांत मोठी आठवण सासूबाईंच्या आजीची. तिचा फोटो नाही. कुणी काढलाच नाही. पण घरात लहानपणापासून प्रत्येकाला सांगितलेले, “आमची आजी बाबासाहेबांबरोबर चवदार तळ्याचं पाणी प्यायली.” दर २० मार्चला तळ्यावर गर्दी लोटते, तेव्हा सासूबाई नातवंडांना हेच सांगत आल्या.

मी लिहायला बसले तेव्हा विचारले, “आई, आजी आणखी काय सांगायच्या?”

“सांगायची, थंडी मरणाची होती. रात्री शेकोटी केली होती. मोठा मांडव होता. पुस्तक जाळलं ते तिनं पाहिलं.”

माझा हात थांबला. तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीने घेतले ते २० मार्च १९२७ रोजी. मार्चात महाडला शेकोटी कोण करील? मनुस्मृती जाळली ती त्याच वर्षी २५ डिसेंबरला. दोन परिषदा, दोन वेगळे प्रसंग. आणि डिसेंबरात तर तळ्याबाबत कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम होता. म्हणून सत्याग्रह पुढे ढकलून लोकांनी गावातून मिरवणूक काढली, पाणी घेतले नाही. तळे सर्वांना खुले असल्याचा शेवटचा निकाल मुंबई हायकोर्टातून आला तो १७ मार्च १९३७ ला, दहा वर्षांनी.

हे सांगायचे कसे? दोन दिवस मी घोळत राहिले. एकदा फोटो ओढून चेहरा घालवला होता, आता आजीही घालवायची का? शेवटी सांगितले.

सासूबाई ताठ झाल्या. “म्हणजे आजी खोटं बोलली म्हणतेस?”

“नाही हो आई. तुम्हीच आठवा. पाणी प्यायले, असं त्या स्वतःच्या तोंडानं कधी म्हणाल्या?”

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “नाही. ती थंडीचंच सांगायची. पाण्याचं आम्ही पोरांनी जोडलं असेल.” आणि थोड्या वेळाने स्वतःहूनच, “आणि एक सांगायची. बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले. त्यानंतर तिनं अंगावरचे कथलाचे दागिने उतरवले ते पुन्हा घातले नाहीत. सासू ओरडली तरी नाही.”

पाहा, मैत्रिणींनो! डिसेंबरच्या त्या परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब स्त्रियांशी खरोखरच वेगळे बोलले होते : लुगडे नीट, पायघोळ नेसा, जात ओळखू येईल असे जड दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा. आजीची ही आठवण इतिहासाशी तंतोतंत जुळते. आणि ती पाण्याच्या गोष्टीखाली इतकी वर्षे दबून गेली होती. ओंजळभर पाणी पिणे मोठे होते यात शंका नाही. पण सासूचा रोष पत्करून अंगावरचे दागिने उतरवणे आणि जन्मभर न घालणे, हे का कमी?

तेव्हापासून आमच्या वहीत प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक शब्द असतो : ‘पाहिलेले’, ‘ऐकलेले’ किंवा ‘जोडलेले’. कुणाकडून ऐकले, केव्हा लिहिले, तेही. तुम्हीही हे करा. जुन्या कागदांशी आठवण ताडून पाहा. कुलाबा जिल्हा असे वाचून गोंधळू नका. आपला रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबाच होता. ‘जोडलेले’ फाडून टाकू नका, तेही घरचेच आहे. फक्त त्याच्यावर तसे लिहा. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, त्यांना बोलते करून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केले म्हणून कितीतरी बायकांची नावे राहिली. आपल्या घरातल्या बाईला बोलते करायला मात्र आपणच हवे.

रिकामी चौकट

आजीचे पान आम्ही असे केले. मधोमध रिकामी चौकट, फोटोएवढी. तिच्या दागिन्यांतले एक कडे सासूबाईंच्या मावसबहिणीकडे पोलादपूरला निघाले. जड वस्तू वहीत चिकटवली तर पान फाटते. म्हणून कड्यावर पातळ कागद धरून वरून पेन्सिल आडवी घासली, आणि त्याची नक्षी जशीच्या तशी कागदावर उमटली. तो कागद चौकटीखाली लावला, कडे जिथले तिथे परत केले. बाजूला सासूबाईंच्या शब्दांत ती थंडी, ती शेकोटी, तो सासूचा आरडाओरडा. कोपऱ्यात ‘ऐकलेले’.

भावाच्या पानावर चेहरा गेलेला तोच फोटो आहे. खाली त्यांची बोलण्याची लकब, आवडती भाजी, मुंबईहून येताना आणायचे ते खाऊचे पुडके. ते पान ‘पाहिलेले’.

वही आता दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे, घट्ट झाकणाच्या डब्यात असते. डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडी पुरचुंडीत बांधून ठेवला आहे. पाला सुटा टाकला तर पानांना डाग पडतात. पावसाळा सरला की वही बाहेर काढून वाऱ्यावर पाने उलटायची, कसर लागली का पाहायचे. आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून तो पुण्याच्या नणंदेकडे पाठवला आहे. नदी एकाच वेळी दोन गावच्या ट्रंका नेत नाही.

मागच्या २० मार्चला सासूबाई तळ्यावर नातीबरोबर गेल्या होत्या. परतल्यावर नातीने विचारले, “पणजी इथं पाणी प्यायली ना, आजी?”

सासूबाईंनी चप्पल काढली, पाय धुतले. मग म्हणाल्या, “नाही गं. ती थंडीत आली होती. बस, सांगते.”