बाजरीच्या दाण्यातील लोह

हलकी जमीन, अपुरा पाऊस आणि उशिराचा वापसा अशा तिन्ही अडचणींत जे पीक शेतकऱ्यास सहसा दगा देत नाही, ते बाजरी होय. अहिल्यानगर, पुणे, नाशिक, धुळे, बीड इत्यादी जिल्ह्यांतील कोरडवाहू भागात बाजरीची भाकरी हे पिढ्यानपिढ्यांचे अन्न आहे. मात्र ह्या पिकाची पारख आपण आजवर दोनच मापांनी करीत आलो : एकरी उतारा किती आणि बाजारात भाव किती. दाणा खाणाऱ्याच्या शरीरात काय करतो, हे तिसरे माप होय. ते शेतकऱ्याच्या हाती देण्याचे कार्य अलीकडील विद्यापीठीय संशोधनाने केले आहे.

हे माप का हवे, ते पुढील आकड्यांवरून कळून येईल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळली. रक्तक्षयाची कारणे अनेक असली, तरी आहारातील लोहाची उणीव हे त्यांतील एक प्रमुख कारण आहे. लोहाची उणीव असलेली स्त्री खुरपणीच्या कामात लवकर थकते. मूल वर्गात बसते, परंतु त्याचे चित्त धड्यावर टिकत नाही. असे मूल आळशी किंवा मंद आहे असे समजून त्यास रागावले जाते. दोष मात्र पुष्कळदा रक्तातील उणिवेचा असतो.

वाण कसा तयार झाला

पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशाच्या उत्तर भागात ठसठशीत दाण्याची व लवकर येणारी एक स्थानिक बाजरी आहे. तिच्यापासून हैदराबादजवळील पाटणचेरू येथील 'इक्रिसॅट' ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेने निवड पद्धतीने 'आयसीटीपी ८२०३' हा वाण तयार केला आणि १९८८ मध्ये तो महाराष्ट्रात प्रसारित झाला. बाजरी हे परपरागीभवन होणारे पीक असल्याने एकाच वाणातील झाडांतही गुणांचा फरक असतो. त्या फरकाचा लाभ घेऊन अधिक लोहाची झाडे निवडण्यात आली. त्यांपासून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने जो सुधारित वाण सिद्ध झाला, तोच 'धनशक्ती' होय. तो २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी आणि २०१४ मध्ये देशासाठी प्रसारित झाला. त्याच्या दाण्यात किलोस सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह व ४० मिलिग्रॅम जस्त असते आणि चाचण्यांत हेक्टरी सुमारे २२ क्विंटल उत्पन्न मिळाले आहे.

दाण्यातील लोह डोळ्यांस दिसत नाही. पूर्वी ते मोजण्यासाठी दाणा आम्लात विरघळवून रासायनिक पृथक्करण करावे लागे. त्यात वेळ व पैसा दोन्ही खर्च होत. ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी क्ष-किरणांवर चालणारे यंत्र ह्या कामी वापरण्याची पद्धत बसविली व २०१२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दाण्यावर क्ष-किरण पडले की त्यातील प्रत्येक मूलद्रव्य आपल्या विशिष्ट किरणांनी स्वतःची ओळख देते. नमुना नष्ट न होता थोड्याच वेळात लोह व जस्ताचे प्रमाण कळते आणि हजारो नमुने पारखणे पैदासकारास शक्य होते. येथे एक सावधगिरी मात्र आवश्यक असते. खळ्यावरील माती दाण्यास चिकटल्यास यंत्र त्या मातीतील लोहही मोजते आणि फसवा आकडा हाती येतो.

रक्तातील पुरावा

दाण्यात लोह आहे एवढ्याने काम भागत नाही. बाजरीत फायटेट नावाचे द्रव्य असते व ते लोहास आतड्यात शोषू देत नाही. म्हणून अधिक लोहाची बाजरी खाऊन शरीरास खरोखरच अधिक लोह मिळते काय, हे तपासणे अगत्याचे होते. कर्नाटकात दोन वर्षे वयाच्या बालकांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साधी बाजरी खाणाऱ्या बालकांनी दिवसाला सरासरी ०.२३ मिलिग्रॅम, तर लोहसमृद्ध बाजरी खाणाऱ्यांनी ०.६७ मिलिग्रॅम लोह शोषून घेतल्याचे आढळले.

ह्यानंतरचा प्रयोग आपल्याच राज्यात, तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात झाला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी भारतीय सहकाऱ्यांसह १२ ते १६ वर्षे वयाच्या २४६ विद्यार्थ्यांचे दोन गट पाडले. एका गटास किलोस ८६ मिलिग्रॅम लोह असलेल्या बाजरीचे आणि दुसऱ्यास साध्या बाजरीचे पदार्थ सहा महिने देण्यात आले. कोणता गट कोणती बाजरी खाणार, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले होते. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरंभी ज्या मुलांत लोहाची उणीव होती, त्यांच्यात ती भरून निघण्याची शक्यता लोहसमृद्ध बाजरीच्या गटात १.६४ पट आढळली.

लक्ष आणि स्मरणशक्ती

ह्या प्रयोगातील १४० मुलामुलींची मानसशास्त्रीय पद्धतीनेही परीक्षा झाली. पडद्यावर खूण दिसताच कळ दाबणे, ठरावीक खुणेवर हात आवरणे, पूर्वी पाहिलेली आकृती ओळखणे अशा ह्या परीक्षा होत्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साध्या परीक्षेतील प्रतिसादाचा वेळ लोहसमृद्ध बाजरीच्या गटात एक सेकंदाच्या १२३ सहस्रांशांनी, तर दुसऱ्या गटात ६३ सहस्रांशांनी कमी झाला. स्मरणशक्तीच्या परीक्षांतही पहिल्या गटाची प्रगती अधिक होती. काही मुलांच्या अंगावर हालचाल मोजणारी लहान यंत्रे बांधून पाहता, लोहसमृद्ध बाजरी खाणारी मुले अधिक वेळ हालचालीत असल्याचेही दिसून आले. पुस्तक तेच, गुरुजी तेच. फरक होता तो भाकरीच्या पिठात.

मर्यादा ध्यानी घ्याव्यात

ही बाजरी अन्न आहे, औषध नव्हे. प्रौढ स्त्रीस दररोज २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे, अशी राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस आहे. धनशक्तीच्या २०० ग्रॅम पिठातून सुमारे १४ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या निम्मे मिळते. यास्तव ज्यांना रक्तक्षय आहे त्यांनी, विशेषतः गरोदर स्त्रियांनी, आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी व तेथून मिळणाऱ्या गोळ्या बंद करू नयेत.

दुसरी अडचण बाजाराची आहे. लोह डोळ्यांस दिसत नसल्याने आडतीवर त्याचा वेगळा भाव मिळेलच असे नाही. बाजरी विकून घरी दुसरे धान्य आणले, तर ह्या संशोधनाचा लाभ आपल्या मुलांस होणार नाही. म्हणून प्रथम घरापुरता विचार करावा. माणशी रोज २०० ग्रॅम पीठ धरल्यास पाच माणसांच्या कुटुंबास वर्षाला सुमारे पावणेचार क्विंटल बाजरी लागते. चाचणीइतका उतारा आल्यास १७ गुंठे आणि त्याच्या निम्मा आल्यास ३४ गुंठे क्षेत्र ह्या कामी पुरते.

शेतकरी बंधुभगिनींना सूचना

१. बियाणे कृषी विद्यापीठाकडून अथवा खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावे. धनशक्ती हा संकरित वाण नसल्याने त्याचे बी घरी राखता येते. त्यासाठी प्लॉट इतर बाजरीपासून किमान २०० मीटर दूर असावा. शेताच्या मध्यभागातील शेकडो निरोगी झाडांची कणसे निवडावीत.

२. मळणी स्वच्छ खळ्यावर किंवा ताडपत्रीवर करावी.

३. पीठ चाळून कोंडा टाकू नये. लोहाचा मोठा अंश दाण्याच्या बाहेरील थरात व अंकुरात असतो. बाजरीच्या पिठात स्निग्धांश अधिक असल्याने ते लवकर कडू होते, म्हणून आठवड्यापुरतेच दळावे.

४. भाकरीबरोबर लिंबू, आवळा किंवा पेरू खावा. त्यांतील क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते. चहा मात्र ते घटवितो. मुलांना चहाबरोबर भाकरी देण्याची सवय मोडावी. चहा घेणाऱ्यांनी तो जेवणानंतर तासाभराने घ्यावा.

५. बाजरी भिजवून मोड आणल्यास फायटेटचे प्रमाण कमी होते. अशा बाजरीची पेज लहान मुलांस उपयुक्त ठरते.

पैदासकार, यंत्रविशारद, वैद्य आणि मानसशास्त्रज्ञ ह्या सर्वांच्या श्रमाची अखेर घरच्या तव्यावर व्हावयाची आहे. येत्या खरिपात बाजरीची पाभर धरण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी घरातील मुलांची संख्या मोजावी आणि तितक्या भाकरीपुरते रान ह्या बाजरीसाठी राखून ठेवावे.