कोर्दोबाच्या जामी मशिदीतील दुहेरी कमान : रचना आणि अलंकार

स्पेनमधील कोर्दोबाच्या जामी मशिदीत प्रवेश करणाऱ्याच्या मनावर प्रथम ठसते ती स्तंभांची अरण्यासारखी दाटी व त्यांवरील तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुमजली कमानी. या कमानींची गणना सामान्यतः अलंकारांत केली जाते. हे मत कितपत ग्राह्य आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

अब्बासींनी इ. स. ७५० मध्ये उमय्या घराण्याची सत्ता उलथून टाकली. त्या संहारातून निसटलेला राजपुत्र पहिला अब्द अल्-रहमान याने ७५६ मध्ये कोर्दोबा येथे स्वतंत्र राज्य स्थापिले आणि ७८५-८६ च्या सुमारास या मशिदीचा पाया घातला. बांधकामासाठी रोमन व व्हिसिगॉथ इमारतींतील जुने स्तंभ घेण्यात आले. हे स्तंभ आखूड असून त्यांची उंचीही सारखी नव्हती. त्यांवर थेट छत टेकविले असते, तर एवढे विस्तीर्ण दालन ठेंगणे व कोंदट झाले असते.

यावर स्थपतींनी योजिलेला उपाय असा : प्रत्येक स्तंभशीर्षावर चौकोनी खांब उभारून त्यावर अर्धवर्तुळाकार कमान घातली व छताचा भार तिच्यावर सोपविला. तथापि, बारीक स्तंभांवरील हे उंच खांब कलण्याचा धोका होता. म्हणून ते खालच्या बाजूस नालाकृती कमानींनी एकमेकांस जखडले. या खालच्या कमानींवर भिंत नाही. त्यांचे कार्य केवळ आधाराचे आहे. वरची कमान मात्र जाड आहे, कारण तिच्यावरील भिंतीच्या माथ्यावरून छतांमधील पन्हळी जातात. दमास्कसच्या मशिदीतील दुमजली कमानी किंवा मेरिदा येथील रोमन जलसेतू यांपैकी कोणता आदर्श स्थपतींपुढे होता, याविषयी मतभेद आहेत. दगड व वीट आलटून पालटून वापरण्याची पद्धती त्या जलसेतूतही आढळते.

पुढील विस्तारांत या रचनेचे रूपांतर कसे झाले, ते विशेष उद्बोधक आहे. दुसऱ्या अल्-हकमने दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिहराबापुढे एकमेकींत गुंफलेल्या बहुदली कमानी घातल्या. त्या शोभिवंत खऱ्या, परंतु वरील घुमटांचा भारही वाहतात. ९८७ च्या सुमारास अल्-मन्सूरने मशीद पुन्हा वाढविली. दक्षिणेस ग्वादलक्विविर नदी जवळ असल्याने त्याला पूर्वेकडे वळावे लागले आणि मिहराब इमारतीच्या मध्यरेषेवर राहिला नाही. या भागातील कमानी संपूर्ण दगडी असून विटांचा भास तांबड्या रंगाने निर्माण केलेला आहे. गरजेतून जन्मलेले रूप दोन शतकांत संकेत बनले, याचा हा स्पष्ट पुरावा होय.

१२३६ मध्ये तिसऱ्या फर्डिनांडने शहर जिंकल्यावर मशिदीचे चर्च झाले. १५२३ मध्ये नगरसभेचा विरोध डावलून, सम्राट पाचव्या चार्ल्सच्या संमतीने, तिच्या मध्यभागी कॅथीड्रलचे बांधकाम सुरू झाले. त्यासाठी अनेक कमानी पाडल्या गेल्या, तरी साडेआठशेहून अधिक स्तंभ अद्याप उभे आहेत.

तात्पर्य, या कमानींस केवळ अलंकार म्हणणे किंवा केवळ रचना म्हणणे, दोन्ही एकांगी ठरते. पहिल्या बांधणीत त्या आवश्यकता होत्या. अखेरच्या विस्तारात त्यांचा रंग पूर्वपरंपरेची स्मृती झाला. एकाच इमारतीतील एकच रूप निरनिराळ्या काळी निरनिराळा अर्थ धारण करते. म्हणून प्रत्येक भागाचा काळ निश्चित केल्यावाचून त्याच्या रूपाविषयी विधान करणे अभ्यासकाने टाळावे.