अंधार कापणारे दिवे

पावसाळ्यातली दुपार, खंडाळ्याचा घाट, आणि ढग थेट रस्त्यावर उतरलेला. पुढची गाडी वीस मीटरवर येते तेव्हा कुठे तिची करडी आकृती दिसते. मागचे लाल दिवे बंद. चालक बेफिकीर आहे का? बहुधा नाही. त्याच्यासमोरचा डॅशबोर्ड लखलखतोय, दिव्यांचं बटण ‘ऑटो’वर आहे, गाडीच्या नाकावर दिवसा जळणाऱ्या पांढऱ्या पट्ट्याही चमकताहेत. आपले दिवे लागलेत अशी त्याची अगदी प्रामाणिक समजूत आहे. मग गाडीने दिवे लावले का नाहीत? लाखो रुपयांच्या यंत्राला एवढं धुकं दिसलं नाही?

नाही दिसलं, कारण धुकं पाहायला त्याला कुणी शिकवलेलंच नाही. समोरच्या काचेवर, आरशाच्या मागे, एक छोटासा सेन्सर बसवलेला असतो. त्याच्यावर प्रकाश पडला की किंचित वीज वाहते. प्रकाश जितका जास्त, वीज तितकी जास्त. बस, एवढंच त्याचं जग. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांपैकी ४८ क्रमांकाचा नियम सांगतो की आपोआप लागणारे दिवे बाहेरचा उजेड १,००० लक्सच्या खाली गेला की दोन सेकंदांत लागले पाहिजेत आणि ७,००० लक्सच्या वर गेला की काही वेळाने विझले पाहिजेत. मधल्या पट्ट्यात काय करायचं हे गाडी बनवणाऱ्याने ठरवायचं. गाडीची संध्याकाळ ही अशी आकड्यांत लिहिलेली असते.

आता धुक्याची गंमत पाहा. पाण्याचे असंख्य सूक्ष्म थेंब वरून येणारा सूर्यप्रकाश गिळत नाहीत, तो दाही दिशांना उधळतात. त्यामुळे दुपारच्या ढगात उभं राहिलं तर भोवती उजेडच उजेड असतो. सेन्सरला हजारो लक्स मिळतात आणि त्याच्या लेखी छान दिवस उजाडलेला असतो. उजेड किती आहे आणि किती दूरचं दिसतं, हे दोन पूर्णपणे वेगळे प्रश्न आहेत. सेन्सर पहिल्याचं अचूक उत्तर देतो. चालकाचा जीव दुसऱ्यावर अवलंबून असतो. बऱ्याच गाड्यांत आता वायपर सुरू झाले की दिवेही लागतात; पावसात त्याचा खूप उपयोग होतो. पण धुक्यात वायपर चालू असतीलच असं नाही. कॅनडाने तर यावर कायदाच केला: सप्टेंबर २०२१ पासूनच्या नव्या गाड्यांत एकतर दिवसाच्या दिव्यांबरोबर मागचेही दिवे लागले पाहिजेत, नाहीतर अंधारात सगळे दिवे आपोआप लागले पाहिजेत, नाहीतर डॅशबोर्ड काळोखात राहिला पाहिजे. म्हणजे चालकाला निदान कळेल तरी!

दिवसा जळणारे ते दिवे पाहण्यासाठी नसतातच, ते दिसण्यासाठी असतात. स्वीडनने १९७७ मध्येच दिवसाढवळ्या दिवे लावणं सक्तीचं केलं. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबरच पेटतो, तो विझवायला बटणच नसतं. अजूनही कुणी कनवाळू माणूस समोरून येताना बोटांची उघडझाप करून ‘दिवा चालू राहिलाय’ असं सांगतो. त्याने तो दिवा पाहिला, आणि दिव्याचं कामच ते होतं.

पण रात्री काय? रात्री दिव्याने दाखवायचंही असतं आणि समोरच्याला आंधळंही करायचं नसतं. इथे खरी नवलाई सुरू होते, आणि त्यासाठी आधी डोळ्याच्या आत जायला हवं.

डोळ्याच्या पडद्यावर मंद उजेडात काम करणाऱ्या कोट्यवधी पेशी असतात. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य भरलेलं असतं, आणि त्या रंगद्रव्याच्या पोटात अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक वाकडा रेणू. प्रकाशाचा एक कण त्याच्यावर आदळला की तो सरळ होतो. किती वेळात? एका सेकंदाचे पाच लाख कोटी भाग केले तर त्यातल्या साधारण एका भागात! निसर्गातल्या सर्वांत वेगवान रासायनिक घटनांपैकी ही एक. पाहण्याची सुरुवात तिथे होते. पण एकदा सरळ झालेला रेणू परत वाकवायचा तर त्याला पेशीतून बाहेर, पडद्यामागच्या थरात जावं लागतं. तिथे तो पुन्हा वाकवला जातो आणि परत आणला जातो. लख्ख उजेडातून अंधारात आल्यावर डोळा पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो तो यामुळे. जाताना निमिषाचाही अंश लागत नाही, आणि परतीला अर्धा तास!

समोरून प्रखर झोत आला की काही सेकंद आपण रस्ता हरवतो, यात या रेणूंचा थोडा हात असतो. मोठा हात वेगळ्याच गोष्टीचा आहे. डोळ्याचं भिंग आणि आतला द्रव पूर्ण निर्मळ नसतात. त्यांच्यातून जाताना थोडा प्रकाश विखुरतो आणि सगळ्या पडद्यावर पसरतो. खिडकीच्या जाळीदार पडद्यावर ऊन पडलं की बाहेरचं अंगण दिसेनासं होतं, तसंच हे. अंगणातला उजेड तिळभरही कमी झालेला नसतो. मध्ये एक उजळ पदर आलेला असतो. रस्त्याकडेने चालणारा माणूस त्या पदराआड जातो. वयाबरोबर भिंग पिवळसर, गढूळ होतं आणि बाहुली लहान होते; साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, आणि विखुरतो मात्र जास्त. वडील माणसं ‘आता रात्रीची गाडी नको’ म्हणतात तेव्हा त्यांची तक्रार शब्दशः भौतिकशास्त्राची असते.

म्हणून चांगल्या हेडलाइटला दोन गोष्टी जमाव्या लागतात: हवा तिथे उजेड, आणि नको तिथे काटेकोर अंधार. मला यातली दुसरी जास्त थक्क करते. रात्री गाडी एखाद्या भिंतीसमोर उभी करून डिपर लावा. भिंतीवर उजेडाची वरची कड सुरीने कापल्यासारखी दिसेल. ती आडवी जाते आणि डाव्या बाजूला वर चढते. हा योगायोग नाही. आपण डावीकडून चालतो. पायी चालणारी माणसं, मैलाचे दगड, पाट्या डावीकडे, म्हणून तिकडे झोत लांब जातो. उजवीकडून समोरची गाडी येते, म्हणून तिकडे तो खाली दाबलेला.

ही रेषा येते कुठून? प्रोजेक्टर पद्धतीच्या दिव्यात प्रकाशाच्या वाटेत धातूची एक छोटी पट्टी आडवी उभी असते, तिची कड नेमक्या त्याच आकारात कापलेली. पुढचं भिंग त्या कडेची उलटी प्रतिमा रस्त्यावर पाडतं. रस्त्यावर पुढे पुढे धावणारी ती उजेड-अंधाराची सीमा म्हणजे त्या पट्टीच्या कडेचं भलंमोठं चित्र असतं! जुन्या एच-४ हॅलोजन बल्बात हेच काम तारेखाली बसवलेली एक इवली धातूची वाटी करते. तुमच्याकडे जुना बल्ब पडला असेल तर काढून पाहा, काचेच्या आत दिसेल.

आता थोडी आकडेमोड, कारण सगळं नाट्य तिच्यातच आहे. डिपरची रेषा दर मीटरला साधारण एक सेंटिमीटर खाली उतरेल अशी लावलेली असते. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल, तर ती ६५ मीटरवर जमिनीला टेकते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. धोका कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर गेले. कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५ मीटरच्या आसपास. एकूण जवळजवळ ७०. म्हणजे डिपरवर ऐंशीच्या वेगाने जाणारी गाडी आपल्याच उजेडाच्या पुढे पळत असते. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतं?

आणि ही रेषा किती नाजूक! गावाहून परतताना डिकीत तांदळाचं पोतं, आंब्याच्या पेट्या, मागच्या सीटवर तीन माणसं. गाडीचा मागचा भाग साडेचार सेंटिमीटर दबला तर अडीच मीटर अंतराच्या चाकांवर गाडी सुमारे एक अंश वर तोंड करते. एका अंशाने झोत दर मीटरला पावणेदोन सेंटिमीटर वर उचलला जातो. म्हणजे खाली उतरणारी रेषा आता चढू लागते, आणि ७० मीटरवर ती जवळजवळ ११७ सेंटिमीटरवर पोचते. ही छोट्या गाडीतल्या चालकाच्या डोळ्यांची उंची आहे. तुम्ही इमानदारीने डिपरवर आहात, आणि समोरचा चिडून तुम्हाला अप्पर मारतोय. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला शून्य ते तीन आकड्यांची एक लहानशी चकती असते ती याचसाठी. आकडा वाढवला की झोत खाली येतो. ती अनेकांनी गाडी घेतल्यापासून फिरवलेली नसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इतकी साधी, इतकी परोपकारी चकती!

मग अलीकडेच दिवे इतके का टोचायला लागले? उत्तर निळं आहे. पांढऱ्या एलईडीच्या मुळाशी निळा प्रकाश देणारी चिप असते. हा निळा दिवा बनवणं इतकं अवघड होतं की इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. चिपवर पिवळा प्रकाश देणारी भुकटी असते. थोडा निळा तिच्यातून पिवळा होतो, उरलेला निळाच बाहेर येतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरे दिसतात. मंद उजेडात डोळ्याची संवेदनशीलता निळ्याकडे सरकते, आणि निळसर झोत पिवळ्यापेक्षा जास्त सलतो. शिवाय सगळा प्रकाश मिलिमीटरभर चिपांतून आणि अरुंद भिंगातून येतो. तेवढाच प्रकाश मोठ्या गोल दिव्यातून आला असता तर सौम्य वाटला असता.

त्याहून वाईट म्हणजे जुन्या हॅलोजनच्या घरात बाजारातला एलईडी बल्ब खुपसणं. तिथला परावर्तक तारेची जागा मिलिमीटरच्या अंशापर्यंत धरून घडवलेला असतो. चिप त्या जागी, त्या आकाराची नसेल तर रेषाच मोडते आणि उजेड वाटेल तिकडे उधळतो. चालकाला वाटतं, रस्ता उजळला. उजळलेला असतो तो चाकांपुढचा तुकडा आणि समोरच्याचे डोळे.

अप्पर-डिपरचं काम यंत्रावर सोपवायचं स्वप्न जुनं आहे. आपल्या ट्रकांच्या पाठीवर ‘यूज डिपर ॲट नाइट’ लिहिलेलं असतं. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९५२ मध्येच डॅशबोर्डवर एक इलेक्ट्रॉनिक डोळा बसवला, जो समोरचा झोत दिसला की अप्पर उतरवायचा. पण त्याला प्रकाश कुणाचा हे कळत नसे. आजचा कॅमेरा पांढरे पुढचे दिवे आणि लाल मागचे दिवे वेगळे ओळखतो, जोडीने सरकणारे ठिपके हेरतो. २०१३ च्या ऑडी ए-८ मध्ये तर अप्परचे प्रत्येक बाजूला २५ एलईडी स्वतंत्रपणे विझू लागले. समोर गाडी आली की तिच्याभोवतीपुरताच उजेड वजा होतो आणि ती सरकेल तशी ती सावली तिच्याबरोबर सरकते. दोन्ही बाजूंचा रस्ता मात्र अप्परमध्ये न्हालेला! मर्सिडीजच्या डिजिटल दिव्यात दहा लाखांहून जास्त सूक्ष्म आरसे आहेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये घडवलेलं, पुढे सिनेमाच्या पडद्यासाठी वापरलं गेलेलं हे आरशांचं तंत्र आता रस्त्यावर अंधार रेखाटतं. अमेरिकेत मात्र नियम एकतर अप्पर नाहीतर डिपर एवढंच ओळखत होते. असे दिवे तिथे कायदेशीर व्हायला फेब्रुवारी २०२२ उजाडावं लागलं.

तरी या कॅमेऱ्यांनाही एक गोष्ट जड जाते. त्यांना दिवा दिसावा लागतो. पायी चालणाऱ्या माणसाला दिवा नसतो, म्हणून केवळ दिवे शोधणारा कॅमेरा त्याच्यासाठी अप्पर उतरवत नाही. आणि घाटात? वळणापलीकडून येणारी गाडी दिसायच्या आधीच कातळावर, झाडांच्या शेंड्यांवर, रेलिंगवर तिचा उजेड हलू लागतो. घाटात मुरलेला चालक तेवढ्यावर डिपर मारतो. कॅमेरा मात्र प्रत्यक्ष दिवा समोर येईपर्यंत थांबतो, आणि तोवर झोत डोळ्यांत गेलेला असतो. पोर्शेच्या संशोधकांनी या फरकाचा अभ्यास केला. माणूस कॅमेऱ्याच्या सरासरी दीड सेकंदाहून अधिक आधी गाडीची चाहूल घेतो असं आढळलं. म्हणून त्यांनी रात्रीच्या रस्त्यांवरची चित्रं जमवली, त्यांत कठड्यांवर, झाडांवर, डांबरावर पडलेल्या उजेडाच्या हलक्या छटांवर खुणा केल्या आणि संगणकाला त्या ओळखायला शिकवू लागले. दिवा अजून वळणाआड असतानाच त्याचा कवडसा वाचायचा, आणि वेळेवर अंधार करायचा.