थंडी पडायच्या आत खुराडा तयार ठेवा: महाड-पोलादपूरच्या परसातल्या कोंबड्यांसाठी

भाताची झोडणी आटोपली की महाड-पोलादपूरकडे पहाटेची हवा बदलते. सावित्री आणि गांधारीच्या काठाला धुकं धरतं, कौलांवरून दव टपकतं आणि दुपारी मात्र चांगलंच ऊन लागतं. "आपल्याकडे थंडी ती काय!" असं आपण सहज म्हणतो. बर्फ पडत नाही, हे खरं. पण या दिवसांत परसातल्या कोंबड्या एकामागून एक दगावल्या, तर घरातल्या बाईच्या हातातले अंड्यांचे चार पैसे आठवड्यात जातात. त्यातलं बरंचसं नुकसान थोड्या तयारीने टळू शकतं.

थंडीपेक्षा ओल वाईट

कोंबडीच्या अंगाचं तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असतं. ती पिसं फुगवते तेव्हा त्यांत हवा अडकते आणि तीच तिची गोधडी होते. पिसं कोरडी असली तर मोठी कोंबडी आपल्याकडची थंडी आरामात काढते. पण पिसं दवाने भिजली किंवा रात्रभर अंगावर वाऱ्याचा झोत आला, की गोधडी निकामी. म्हणून बंदोबस्त करायचा तो दव, झोत आणि ओली जमीन या तिघांचा.

खुराड्यात काय बदलायचं?

छप्पर आधी बघा. पत्रा रात्री गार पडतो, कोंबड्यांच्या श्वासातली वाफ त्याला लागते आणि पाण्याचे थेंब खाली पडतात. पत्र्यावर पेंढ्याचा जाड थर किंवा झावळ्या बांधून टाकल्या की हा त्रास कमी होतो.

मग वारा. ज्या बाजूने गार वारा येतो, तिथे गोणपाट लावा. पोलादपूरच्या पुढे कापडे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याची गावं, इकडे वरंध, अशा ठिकाणी डोंगरावरून उतरणारा रात्रीचा वारा जास्त बोचतो. सकाळी ऊन आलं की गोणपाट गुंडाळून वर करा.

मात्र खुराडा चारही बाजूंनी प्लास्टिकने बंद करू नका. विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो आणि कोंडून राहिला की कोंबड्यांचे डोळे आणि श्वासनळी बिघडते. गरम हवा वर जाते, हे शाळेतलं पोरही सांगेल. म्हणून छपराखाली, कोंबड्यांच्या डोक्यापेक्षा वर, चार बोटं फट उघडी ठेवा आणि तिला जाळी मारा. फजरच्या वेळी खुराड्यात डोकावून बघा. आपल्या नाकाडोळ्यांना झोंबलं, तर हवा कमी पडतेय.

जमिनीवर भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा दोन-तीन इंच पसरा. दोन दिवसांआड खालीवर करा, ओला गोळा झालेला भाग काढून टाका, अधूनमधून थोडा चुना मिसळा. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. काढलेला तूस कुजवला की परसातल्या भाजीला चांगलं खत होतं.

बसायला गोल बारीक काठीपेक्षा दोन इंच रुंद पट्टी बरी. तिच्यावर बसलं की पिसांखाली पायाची बोटं झाकली जातात.

बाहेर सोडणं, दाणा-पाणी

गवतावर दव असताना कोंबड्या सोडू नका. ऊन पडून गवत सुकलं की दार उघडा आणि मगरिबच्या आधी सगळ्या आत घ्या, कारण अंधार लवकर पडतो आणि मुंगूस, रानमांजर टपलेलं असतं. परसात एका कोपऱ्यात, पावळीखाली, चुलीची थंड राख आणि कोरडी माती ठेवा. त्यात लोळून त्या पिसांतल्या उवा झटकतात.

संध्याकाळी भात, नाचणी, मका असा दाणा पोटभर द्या. दाणा रात्रभर हळूहळू पचतो आणि अंगात ऊब राहते. बुरशी लागलेला दाणा कितीही स्वस्त पडो, घालू नका. सकाळचं पाणी कोमट द्या.

डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. चांगली अंडी द्यायला कोंबडीला साधारण १४ तास उजेड लागतो. त्यामुळे अंडी कमी झाली म्हणून चांगली कोंबडी विकून टाकण्याची घाई नको.

पिल्लांची वेगळी काळजी

खुडूक कोंबडीखालची पिल्लं आई सांभाळते. विकत आणलेल्या पिल्लांना मात्र पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला अंदाजे ३ अंश कमी. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर ऊब कमी आहे. लांब पळून चोच उघडी ठेवत असतील तर जास्त आहे. वायर उघडी नको आणि बल्ब तुसापासून लांब, पक्का टांगलेला हवा. बंद खुराड्यात कोळशाची शेगडी कधीच नको. तिच्या विषारी वायूने पिल्लं झोपेतच मरतात, आणि पेंढ्याला ठिणगी लागली तर घरही धोक्यात.

मानमोडी

सगळं करूनही अख्खा खुराडा रिकामा करणारा आजार म्हणजे मानमोडी, अर्थात राणीखेत. हिरवट-पांढरी हगवण, उघड्या तोंडाने श्वास, वाकडी मान ही त्याची लक्षणं. त्यावर औषध नाही, लसच आहे. पिल्लू ५ ते ७ दिवसांचं असताना डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब, पुढचे डोस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून. लस बर्फात आणावी लागते, एका बाटलीत शंभर-शंभर डोस असतात आणि बाटली फोडली की तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून मोहल्ल्यातल्या दहा घरांनी मिळून एकच दिवस ठरवला, तर खर्च अगदी किरकोळ पडतो. लस निरोगी कोंबड्यांनाच द्यायची.

कोंबडी सुस्त दिसली म्हणून घाईने जिबह करून वाटू नका. तिची पिसं, रक्त, धुतलेलं पाणी यांतून रोग शेजारी पोहोचतो. आजारी कोंबडी वेगळी ठेवा. मेलेली नदीत किंवा पऱ्यात न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. अचानक बऱ्याच मेल्या, तर त्यांना हात न लावता दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लू जानेवारी २०२१ मध्ये परभणीत आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला सापडला होता. दोन्ही वेळा दिवस थंडीचेच होते.

गोणपाट, तूस, चुना, जाळीचा तुकडा: बहुतेक सामान घरातच सापडेल. एका रविवारी मुलांना सोबत घेऊन हे काम उरकता येतं. लसीचं मात्र शेजारच्या भाभींशी, खालांशी आजच बोलून ठेवा. एका घराने लस दिली आणि बाजूच्याने नाही, तर रोगाला दार उघडंच राहतं.