प्रवासवृत्तातील स्थळनिश्चिती : व्हिनलँड आणि पालेपात्मे

प्रस्तावना

महाड, दासगाव, तुडील या सावित्री खोऱ्यातील परिसराचा प्राचीन इतिहास सांगताना ‘ग्रीकांचे पालेपात्मे बंदर ते हेच’ असे विधान आढळते. परकीय प्रवाशाने लिहून ठेवलेल्या नावावरून प्रत्यक्ष स्थळ निश्चित करता येते काय, आणि त्यासाठी कोणता पुरावा पुरेसा मानावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. तुलनेसाठी नॉर्स दर्यावर्दी लीफ एरिक्सन याच्या सफरीचे उदाहरण घेतले आहे.

व्हिनलँडचा शोध

इ. स. १००० च्या सुमारास लीफ एरिक्सन ग्रीनलंडहून पश्चिमेस गेला व हेलुलँड, मार्कलँड आणि व्हिनलँड या तीन भूप्रदेशांना त्याने नावे दिली, असे आइसलँडमधील सागा सांगतात. या सागा घटनेनंतर सुमारे दोन शतकांनी लिहिल्या गेल्या आणि त्यांच्यात परस्परांशी मेळ नाही. एका सागेनुसार तो प्रदेश प्रथम ब्यार्नी हेर्योल्फसन याच्या दृष्टीस पडला. दुसरीत शोधाचे श्रेय लीफकडे जाते. त्यामुळे व्हिनलँड दीर्घकाळ तर्काचाच विषय राहिले.

१९६० मध्ये हेल्गे इंग्स्टाड यांना न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकाशी लान्स ओ मेडोज येथे जुन्या घरांचे अवशेष आढळले. अ‍ॅने स्टीने इंग्स्टाड यांच्या उत्खननात लोहमळी, काशाची टाचणी व चातीची चकती मिळाली. २०२१ मध्ये लाकडातील वाढवलयांच्या आधारे तेथील झाडे इ. स. १०२१ मध्ये तोडली गेल्याचे सिद्ध झाले. मात्र ही वसाहत म्हणजेच व्हिनलँड, असे संशोधक सरसकट म्हणत नाहीत. नॉर्स लोक तेथे होते, एवढेच निर्विवाद आहे. याउलट, १९६५ मध्ये गाजलेला ‘व्हिनलँड नकाशा’ २०२१ मध्ये येल विद्यापीठाने बनावट ठरविला. त्याच्या शाईत विसाव्या शतकातील टायटॅनियमयुक्त रंगद्रव्य आढळले.

पेरिप्लसमधील नोंद

‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हा ग्रंथ इ. स. पहिल्या शतकातील एका अज्ञात ग्रीकभाषी व्यापाऱ्याचा आहे. मोसमी वाऱ्यांच्या साह्याने खुल्या समुद्रातून भारताकडे येण्याचा मार्ग शोधल्याचे श्रेय त्यात हिप्पालस या नावाड्याला दिले आहे. अर्थात हे वारे अरब व भारतीय खलाशांना आधीच परिचित असावेत. ‘अज्ञात’ हा शब्द सांगणाऱ्याच्या दृष्टीने खरा असतो. लीफच्या ‘नव्या’ भूमीतही लोक राहत होतेच.

कल्याणनंतरची कोकणातील बंदरे सांगताना ग्रंथकार सेमुल्ल, मंदगोर, पालेपात्मे अशी नावे क्रमाने देतो; परंतु त्यांतील अंतरे अथवा तेथील माल यांविषयी काही सांगत नाही. सेमुल्ल म्हणजे चौल, यावर बहुतेकांचे एकमत आहे. पुढे मतभेद सुरू होतात. मंदगोर हे कुडा लेण्यांजवळचे मांदाड मानल्यास त्यापुढील मोठी खाडी सावित्रीची येते आणि पालेपात्मे म्हणजे महाडजवळचे पाले हे समीकरण जुळते. मंदगोर हे सावित्रीच्या मुखावरील बाणकोट मानल्यास मात्र पालेपात्मे आणखी दक्षिणेस, दाभोळकडे सरकते. म्हणजेच एका नावाची निश्चिती दुसऱ्या नावाच्या निश्चितीवर अवलंबून आहे. शिवाय हा ग्रंथ मुख्यतः दहाव्या शतकातील एका हस्तलिखितातून उपलब्ध झाल्याने नावांच्या अक्षरांवरही फार भिस्त ठेवता येत नाही.

स्थानिक पुरावा

पाले येथील गांधारपाले लेणी आणि त्यांतील कुमार कानभोज विष्णुपालित याचा दानलेख यांवरून येथे प्राचीन काळी संपन्न वस्ती होती, हे स्पष्ट होते. भरतीचे पाणी खाडीमार्गे आत येते आणि सह्याद्रीतील घाटवाटा याच खोऱ्यात उतरतात. बंदरास ही अनुकूल परिस्थिती होय. तथापि अनुकूलता म्हणजे पुरावा नव्हे. धक्क्याचे अवशेष, रोमन मद्यकुंभांची खापरे, नाणी अशी सामग्री विशिष्ट थरात मिळाली, तरच सागरी व्यापार येथवर पोहोचल्याचे म्हणता येईल. आणि तेव्हाही ‘पालेपात्मे’ हे नाव वेगळे सिद्ध करावे लागेल.

समारोप

जुलै २०२१ च्या महापुरानंतर महाड परिसरात नदीपात्रातील गाळ काढण्यात आला. खापरांचे महत्त्व ते कोणत्या थरात मिळाले यावर ठरते; गाळाबरोबर एकदा हलविलेला अवशेष पुन्हा मूळ जागी ठेवता येत नाही. म्हणून परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी नदीकाठच्या गावांतील जुने धक्के, विहिरी, टेकाडे आणि खापरांची ठिकाणे यांची छायाचित्रांसह नोंद करावी, आढळलेल्या वस्तू न हलविता पुरातत्त्व विभागास कळवावे. पालेपात्मेचे नाव अभिमानाने सांगण्यापूर्वी एवढे काम होणे आवश्यक आहे. तोपर्यंत विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून हे समीकरण ‘संभाव्य’ या विशेषणासह यावे, हेच शास्त्रशुद्ध ठरेल.