लॉटवर पडून राहिलेली कोरी कॅम्पर व्हॅन घेताय? आधी हे वाचा 🚐

मंडळी, अमेरिकेत डीलरच्या लॉटवर वर्ष-दोन वर्षं न विकली गेलेली कोरी कॅम्पर व्हॅन दिसली, तर नाक मुरडू नका. अशा गाड्या डीलर बहुधा कर्ज काढून उभ्या करतो. व्याज चढत असतं, म्हणून घासाघीस करायला चांगला वाव मिळतो. फक्त एवढं तपासा:

🔹 वय: व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) मधलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं. 'पी' म्हणजे २०२३, 'आर' म्हणजे २०२४. मूळ व्हॅन एका कंपनीची आणि आतलं घर दुसरीचं असतं, त्यामुळे मूळ व्हॅन एखादं वर्ष जुनी निघू शकते.

🔹 टायर: बाजूवरच्या 'डॉट' कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३२२ म्हणजे २०२२चा तेविसावा आठवडा.

🔹 बॅटरी: लेड-ॲसिड बॅटरी उतरलेली पडून राहिली की क्षमता कायमची घटते. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी चार्जर काढून काही तासांनी मोजली, तर साधारण १२.६ दाखवायला हवी.

🔹 छत: शिडी मागून घ्या. व्हेंट आणि सोलर पॅनलभोवतीच्या सीलंटवर बारीक भेगा आहेत का, नीट पाहा. मग आतल्या कपाटांचे वरचे कोपरे हुंगा. कुबट वास आला, तर पाणी मुरलंय समजा.

🔹 वॉरंटी: व्हॅनची आणि घराची वेगवेगळी असते. दोन्ही कोणत्या तारखेपासून सुरू होतात, हे लेखी घ्या.

पाणी, गॅस, फ्रीज, हीटर, सगळं समोर चालवून दाखवल्याशिवाय सही करू नका!