भूकंप ओसरल्यानंतरची कथा

प्रत्यक्ष भूकंप काही क्षणांचा असतो आणि कथा-कादंबऱ्यांतही त्याच्या वाट्याला बहुधा मोजक्याच ओळी येतात. लेखकांना खुणावतो तो त्यानंतरचा काळ. दोष कुणाचा, हा प्रश्न त्याच काळात उभा राहतो. साहित्यातील आपत्तीचित्रणाचा अभ्यास करताना पडझडीच्या वर्णनांपेक्षा या प्रश्नाचा माग काढणे अधिक फलदायी ठरते.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चमध्ये भाविकांची दाटी असताना लिस्बन हादरले. त्यापाठोपाठ त्सुनामी आली, आगी लागल्या. जे घडते ते भल्यासाठीच, या आश्वासक तत्त्वज्ञानाची व्होल्तेरने १७५९ च्या 'कांदिद'मध्ये भरपूर खिल्ली उडवली. पुढचा भूकंप टळावा म्हणून तेथील धर्मसत्ता काही जणांना जाहीर शिक्षा देते आणि त्याच दिवशी धरणी पुन्हा कापते!

हाइन्रिख फॉन क्लाइस्ट या जर्मन लेखकाची १८०७ मधील कथा याहून गडद आहे. चिलीतील सांतियागो शहर १६४७ मध्ये भूकंपाने उद्ध्वस्त झाले, ही तिची पार्श्वभूमी. निषिद्ध प्रेमापायी कैदेत पडलेला खेरोनिमो गळफास घेण्याच्या तयारीत असताना तुरुंग कोसळू लागतो; ज्या खांबापाशी मरायचे, त्यालाच तो आधारासाठी घट्ट धरतो. वधस्थळी नेली जाणारी त्याची प्रेयसीही वाचते. शहराबाहेरच्या दरीत उमराव आणि भिकारी एका कुटुंबासारखे राहू लागतात. आपत्तीने माणसे जोडली, असे वाटत असतानाच सर्व जण आभाराच्या प्रार्थनेसाठी चर्चमध्ये जातात. तेथे धर्मोपदेशक या जोडप्याच्या पापाकडे बोट दाखवतो आणि जमाव त्यांचा जीव घेतो. त्यांचे समजून एका निरपराध तान्ह्या मुलालाही ठार मारले जाते. भूकंपाने सोडलेले माणसांच्या हातून मेले.

ही वृत्ती केवळ युरोपातील किंवा केवळ कथेतील नव्हे. १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथ टागोरांनी त्या कार्यकारणभावाला जाहीर हरकत घेतली होती. अस्पृश्यतेला दोघांचाही विरोधच होता, हे येथे विसरता येत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र दोषारोपाची जागा एका अबोल पोकळीने घेतलेली दिसते. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपात सहा हजारांहून अधिक बळी गेले. हारुकी मुराकामी यांच्या २००० मधील संग्रहातील सहाही कथा त्यानंतरच्या फेब्रुवारीत घडतात, पण एकही कोबेच्या ढिगाऱ्यात उभी नाही. पहिल्या कथेतील तोक्योची गृहिणी पाच दिवस दूरचित्रवाणीवर उद्ध्वस्त शहर पाहत बसते. तिचे जवळचे कुणी तेथे असल्याचे नवऱ्याला ठाऊक नाही. ती बोलत नाही, जेवत नाही. नंतर तो कामावरून परततो, तर घरात फक्त तिची चिठ्ठी असते.